चालू वीजवाहिनीजवळ दुरुस्तीचे काम: लाईनमन, कंत्राटदार आणि घरमालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात गोव्यातील जवळजवळ प्रत्येक गावात दोन प्रकारची माणसे एकाच वेळी उंचावर चढलेली दिसतात. एक म्हणजे वीज खात्याचे लाईनमन आणि कंत्राटदारांचे कामगार, जे पावसापूर्वी वाहिन्यांवर आलेल्या फांद्या छाटतात, सैल झालेले जंपर (दोन तारा जोडणारे तारेचे तुकडे) आवळतात आणि तडकलेले इन्सुलेटर बदलतात. दुसरी म्हणजे घरे शाकारणारी, पत्रे बसवणारी, भिंती रंगवणारी आणि माडावरून नारळ उतरवणारी माणसे. पहिल्यांचे काम वाहिनीवर असते आणि दुसऱ्यांचे वाहिनीजवळ. अपघात दोघांनाही होतात आणि मुळाशी गेले तर कारण बहुतेक वेळा एकच निघते: जी वाहिनी बंद आहे असे धरून चालले होते ती बंद नव्हती, किंवा बंद होती पण काम संपेपर्यंत बंद राहिली नाही. पुढचे सगळे टप्पे या दोन शक्यता दूर करण्यासाठीच आहेत, म्हणून त्यातला एकही टप्पा 'आज घाई आहे' म्हणून गाळण्यासारखा नाही.

वाहिनी कोणती, हे आधी ओळखावे

खांबावर चढण्यापूर्वी किंवा शिडी टेकवण्यापूर्वी डोक्यावरची वाहिनी किती दाबाची आहे हे ओळखता आले पाहिजे. गावातून घराघरांपर्यंत जाणारी लघुदाब वाहिनी दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्टची असते आणि घरात येताना ती २३० व्होल्ट होते. जुन्या उघड्या वाहिनीत बहुधा एकाखाली एक अशा पाच तारा दिसतात: तीन फेज, एक न्यूट्रल आणि एक पथदिव्यांची. ट्रान्सफॉर्मरपर्यंत येणारी ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, वाहिनी तीन तारांची असून ती आडव्या लोखंडी क्रॉस-आर्मवर पिन इन्सुलेटरांच्या आधाराने जाते. ३३ केव्हीची वाहिनीही दिसायला तशीच, फक्त इन्सुलेटर मोठे आणि तारांमधले अंतर जास्त. अनेक ठिकाणी एकाच खांबावर वर ११ केव्ही आणि खाली लघुदाब अशी दुहेरी रचना असते. खालची बंद करून काम करणाऱ्याच्या डोक्यापासून हात-दीड हातावर तेव्हा ११ हजार व्होल्ट चालूच असतात.

या तारांवर कोणतेही आवरण नसते. वर्षानुवर्षांच्या हवेने काळवंडलेली अॅल्युमिनियमची तार खालून पाहणाऱ्याला रबर चढवलेल्या केबलसारखी वाटते आणि हा गैरसमज मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे. उच्चदाब, म्हणजे ११ किंवा ३३ केव्हीच्या, वाहिनीला प्रत्यक्ष हात लागण्याचीही गरज नसते. माणूस, ओली काठी किंवा लोखंडी पाईप पुरेसा जवळ गेला की मधली हवाच वाट देते आणि ठिणगी अंगावर उडी घेते. शरीराला किती प्रवाह पुरतो, हेही लक्षात असू द्यावे. सुमारे १ मिलीअँपिअरला झिणझिण्या येतात, १० च्या आसपास स्नायू आखडून पकडलेली वस्तू सोडता येत नाही, आणि ३० ते ५० मिलीअँपिअर काही क्षण छातीतून गेले तर हृदयाचे ठोके विस्कटू शकतात. जुना ६० वॅटचा घरगुती दिवा याहून जास्त प्रवाह घेतो.

इमारतीपासून वाहिनीचे किमान अंतर नियमांनी ठरलेले आहे. लघुदाब वाहिनी छपरापासून उभ्या दिशेने २.५ मीटर आणि बाजूने १.२ मीटर, ११ केव्ही वाहिनी उभ्या दिशेने ३.७ मीटर आणि बाजूने १.२ मीटर; ३३ केव्हीसाठी बाजूचे अंतर २ मीटर. ही अंतरे इमारत नुसती उभी असतानाची आहेत. छपरावर माणूस उभा राहिला, त्याने हात वर केला आणि हातात रंगाच्या रोलरची तीन मीटरची दांडी असली, की नियमातले अंतर कागदावरच राहते. म्हणून प्रशिक्षण नसलेल्या माणसाने, स्वतः, हत्यार आणि साहित्य धरून, ३३ केव्हीपर्यंतच्या कोणत्याही वाहिनीपासून निदान तीन मीटर दूर राहावे, असा ढोबळ नियम मी सांगतो. तीन मीटर राखता येत नसतील, तर वाहिनी बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

वाहिनी पायी फिरून पाहावी

कामाच्या आदल्या दिवशी, निदान त्याच सकाळी, ज्या भागात काम आहे तो भाग उपकेंद्राच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या दिशेने पायी चालून पाहावा. नकाशा उपयोगाचा असतो, पण गेल्या पावसात माड कोसळल्यावर तात्पुरता टाकलेला जंपर नकाशात नसतो. चालताना तीन गोष्टी शोधायच्या असतात: या वाहिनीला आणखी कुठून वीज येऊ शकते का, तिच्यावरून किंवा तिच्याखालून दुसरी वाहिनी जाते का, आणि शेजारून समांतर जाणारा दुसरा फीडर (उपकेंद्रातून निघणारी मुख्य वाहिनी) आहे का.

शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व मला एका सकाळी कळले. फोंडा तालुक्यातील एका गावात दोन ११ केव्ही फीडर एकाच उपकेंद्रातून निघून काजूच्या बागेतून पंचवीस-तीस मीटरच्या अंतराने समांतर जात होते. लाईन क्लिअर, म्हणजे वाहिनी बंद करून ताब्यात घेण्याचे परमिट, पूर्वेकडच्या फीडरचे घेतले होते आणि आमची टोळी पश्चिमेकडच्या खांबाखाली जाऊन उभी राहिली होती, कारण जीप जाण्यासारखी वाट त्या बाजूला होती. एकजण खांबावर चढायच्या तयारीत असताना सोबतच्या वयस्क लाईनमनने सवयीप्रमाणे डिटेक्टर (तारेत वीज असेल तर वाजणारे यंत्र) काठीवर लावून तारेजवळ नेला आणि तो वाजू लागला. त्या माणसाने काठी खाली घेतली, सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि कोंकणीत एवढेच म्हटले, 'ही आमची न्हय.' तेव्हापासून खांबाचा क्रमांक परमिटवर लिहिल्याशिवाय आणि तो क्रमांक खांबावर डोळ्यांनी वाचल्याशिवाय मी कोणाला चढू दिलेले नाही. ज्या खांबांवरचे क्रमांक पुसले गेले आहेत तिथे आधी रंगाचा डबा पाठवावा, माणूस नंतर.

लाईन क्लिअर: कागदावर आणि एकाच्या नावावर

वाहिनी बंद करून कामासाठी ताब्यात घेण्याच्या परवानगीला आपल्याकडे लाईन क्लिअर किंवा नुसते परमिट म्हणतात. ती तोंडी चालत नाही. तिच्यावर फीडरचे नाव, कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत काम आहे, कोणता स्विच उघडला, कुठे अर्थिंग केले, कोणत्या अधिकृत व्यक्तीने दिली आणि कोणी घेतली, हे लिहिलेले असावे. दूरध्वनीवर घ्यावी लागलीच तर ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवावे आणि दोन्हीकडच्या वहीत एकच क्रमांक नोंदवावा. 'फोंडा' आणि 'खांडोळा' हे शब्द खरखरणाऱ्या फोनवर वाटतात तितके वेगळे ऐकू येत नाहीत.

वेळ ठरवून वीज सुरू करण्याची पद्धत तर पूर्णपणे बंद असावी. 'चार वाजेपर्यंत आमचे काम होईल, चारला चालू करा' असा निरोप दिला की नेमके चारला पाच मिनिटे असताना बोल्ट घसरून पडतो. वाहिनी सुरू होण्याचे कारण घड्याळ नसते. ज्याच्या नावावर परमिट आहे त्याने स्वतः ते परत केले, एवढेच कारण असू शकते. एकाच फीडरवर दोन टोळ्या असतील तर दोन परमिटे असावीत आणि दोन्ही परत येईपर्यंत ब्रेकरच्या, म्हणजे उपकेंद्रातल्या मुख्य स्विचच्या, हँडलला कोणी हात लावू नये. कंत्राटदाराच्या कामगारांना परमिट घेता येत नसेल, तर ज्या अधिकृत माणसाने ते घेतले आहे त्याने काम संपेपर्यंत जागेवर थांबावे. परमिट देऊन दुसऱ्या कामाला निघून जाण्याची सवय बरीच रूढ आहे आणि ती मला कधीच पटलेली नाही.

तोडलेले डोळ्यांनी दिसले पाहिजे

उपकेंद्रातील ब्रेकर उघडला म्हणजे वाहिनी तुटली असे धरू नये, कारण ब्रेकरचा संपर्क आत असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. ब्रेकरनंतर आयसोलेटर (तोडलेले डोळ्यांनी दिसणारा स्विच) किंवा वाटेवरचा एबी स्विच (खांबावरचा तसाच उघड्या पात्यांचा स्विच) उघडावा आणि त्याची तिन्ही पाती उघडलेली आहेत, हे खाली उभे राहून मोजावे. गंजलेल्या दांड्यामुळे दोन पाती सुटतात आणि तिसरे अर्धवट अडकून राहते, हे किनारपट्टीच्या भागात नवे नाही. हँडलला कुलूप घालून किल्ली परमिटधारकाने स्वतःजवळ ठेवावी आणि 'माणसे काम करीत आहेत' अशी पाटी लावावी. पाटी वाऱ्याने उडते, कुलूप उडत नाही, म्हणून दोन्ही.

ट्रान्सफॉर्मरवर काम असेल तर आधी लघुदाब बाजूचा भार काढावा आणि मग डीओ फ्यूजच्या (उच्चदाब बाजूच्या, खाली पाडता येणाऱ्या फ्यूजच्या) तिन्ही नळ्या पाडाव्यात. पाडलेल्या नळ्या तिथेच लटकत ठेवू नयेत. काढून गाडीत टाकाव्यात. लघुदाब वाहिनीसाठी काढलेल्या किटकॅट (चिनी मातीच्या, हाताने काढता येणाऱ्या) फ्यूजचेही तसेच. मी पाहिलेले काही लाईनमन किटकॅट शर्टाच्या खिशात घालून खांबावर चढत असत, आणि ही सवय दिसायला गावठी असली तरी तिच्यात शहाणपण होते: ज्याचा जीव वर आहे, फ्यूज त्याच्याच खिशात आहे.

तपासणे आणि अर्थिंग

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. स्विच उघडला, कुलूप घातले, तरीही वाहिनी बंद झालेली आहे असे अजून म्हणायचे नाही. ११ केव्ही किंवा ३३ केव्हीसाठी त्या दाबाचा व्होल्टेज डिटेक्टर इन्सुलेटेड काठीवर लावून तिन्ही तारा तपासाव्यात. डिटेक्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी वाजवून पाहावा, मग आपल्या वाहिनीवर लावावा, आणि पुन्हा चालू ठिकाणी वाजवून पाहावा. कारण सेल उतरलेला डिटेक्टरही 'वीज नाही' असेच सांगतो. खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हर टेस्टरचा उच्चदाब वाहिनीशी काहीही संबंध नाही, आणि तारेवर तार फेकून ठिणगी पाहण्याची जुनी पद्धत हे तर अपघाताला दिलेले आमंत्रण आहे.

तपासल्यानंतर अर्थिंग. अर्थिंग म्हणजे तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जाड तांब्याच्या केबलने जोडणे, ज्याला आपल्याकडे डिस्चार्ज रॉड लावणे म्हणतात. क्रम उलटा करू नये: आधी केबलचे जमिनीकडचे टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला घट्ट आवळायचे, मग दांडीने एकेका तारेला दुसरे टोक अडकवायचे. काढताना आधी तारेचे टोक, शेवटी जमिनीचे. उलट केले तर सुटलेले टोक हातात धरणाऱ्या माणसातूनच वीज जमिनीत जाण्याची वाट शोधते. अर्थिंग कामाच्या दोन्ही बाजूंना करावे, आणि मध्ये फाटा फुटत असेल तर फाट्यावरही. लघुदाब वाहिनीवर पाचही तारा जोडाव्यात. पथदिव्यांची तार अनेकदा दुसऱ्याच ट्रान्सफॉर्मरवरून येते आणि टायमर संध्याकाळी ती आपोआप सुरू करतो, त्यामुळे दिवसभर सुरक्षित असलेला खांब साडेसहाला घातक होतो.

गोव्यातील जमिनीबद्दल इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जांभ्यावर, विशेषतः सड्यावर, कोरड्या दिवसांत अर्थिंगची सळई नीट 'लागत' नाही. हातभर ठोकून ती दगडावर अडते आणि जमिनीचा विरोध फार राहतो. अशा ठिकाणी ओलसर खोलगट जागा शोधावी, सळईभोवती पाणी ओतावे आणि शक्य तिथे खांबाचे कायमचे अर्थिंगही जोडून घ्यावे. जमिनीला जोडणी कमकुवत असली तरी तिन्ही तारा एकत्र आवळलेल्या असतील तर चुकून वाहिनी सुरू झाल्यास शॉर्ट होऊन ब्रेकर उडतो. म्हणून फक्त एकच तार अर्थ करून वर चढणे हे अर्थिंग नव्हे.

अर्थिंगचे दुसरे काम उलट येणाऱ्या विजेपासून वाचवणे. वीज गेली की गावातले जनरेटर सुरू होतात. एखाद्याने चेंजओव्हर स्विच (जनरेटर जोडताना बाहेरची वाहिनी तोडणारा स्विच) न बसवता जनरेटर थेट घराच्या बोर्डाला जोडला असेल, तर त्याची वीज घरातून वाहिनीवर आणि तिथून ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी चढते. ११००० व्होल्टचे ४३३ करणारा तोच ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने दाब सुमारे पंचवीसपट वाढवतो, आणि बंद म्हणून हातात धरलेल्या तारेवर ११ केव्ही येतात. छपरावरच्या सौर यंत्रणेचा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर थांबण्यासाठी बनवलेला असतो, पण बॅटरीची जोड असलेल्या यंत्रणेत जोडणी कशी केली आहे हे बाहेरून कळत नाही. या सर्वांवर खांबावरच्या माणसाजवळचा एकच उपाय म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना असलेले अर्थिंग.

साधनांबद्दल थोडेच. रबरी हातमोजे आयएस ४७७० प्रमाणित आणि त्या दाबासाठीचे असावेत; वापरण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडावी आणि कुठे सुटते का ते कानाशी धरून पाहावे. हेल्मेट, पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट आणि वाळलेली लाकडी किंवा फायबरची शिडी आवश्यक. समुद्राजवळ लोखंडी खांब जमिनीलगत गंजतो, म्हणून चढण्यापूर्वी बुंध्यावर हातोडी मारून आवाज ऐकावा आणि शंका असेल तर शिडीची गाडी मागवावी. आकाशात गडगडाट सुरू झाला की काम तिथेच थांबवून खाली यावे, कारण कोसांवर पडलेली वीज वाहिनीतून आपल्यापर्यंत येते.

काम संपल्यावर माणसे मोजावीत, हत्यारे मोजावीत, सगळे खाली आल्याची खात्री करून अर्थिंग काढावे आणि सर्वांना तोंडाने सांगावे की आता ही वाहिनी चालू समजा. परमिट त्यानंतर परत करायचे, आधी नाही.

घराजवळ, माडाजवळ, मांडवाजवळ

ज्यांचा वाहिनीशी थेट संबंध नाही त्यांनी एवढे करावे. छपराची उंची वाढवायची असेल, मजला चढवायचा असेल किंवा वाहिनीजवळ बांधकाम करायचे असेल, तर वीज खात्याला आधी लेखी कळवणे नियमानेच बंधनकारक आहे. शाकारणी किंवा रंगकामासाठी वाहिनी काही तास बंद हवी असेल तर विभागाच्या कार्यालयात अर्ज द्यावा. तातडीची तक्रार १९१२ वर करता येते. अॅल्युमिनियमची शिडी उभी ठेवून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊ नये, आडवी करून दोघांनी न्यावी. शिडी नेणाऱ्याची नजर पायाकडे असते आणि वरचे टोक कुठे चालले आहे हे त्याला दिसत नाही.

माडाची हिरवी झावळी पाण्याने भरलेली असते आणि ती वाहिनीवर टेकली तर वीज खोडापर्यंत उतरू शकते. पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) चढवण्यापूर्वी माडाभोवती फिरून पाहावे, वारा असताना झावळी कुठपर्यंत झुलते ते पाहावे, आणि वाहिनीकडे झुकलेल्या माडाचे काम वाहिनी बंद करून घेतल्यावरच सांगावे. लांब बांबूला कोयता बांधून वाहिनीवरून झावळी ओढणे हा तर गावोगावी दिसणारा प्रकार. बांबू सुका आहे असे वाटले तरी त्यात ओल असते. जत्रेसाठी किंवा चतुर्थीसाठी मांडव घालणाऱ्यांनी लोखंडी पाईप उभे करण्यापूर्वी डोक्यावर पाहावे आणि खांबाच्या स्टे वायरला (खांब ताणून धरणाऱ्या तिरप्या तारेला) मांडवाची दोरी, कपडे वाळत घालायची तार किंवा गुरे बांधू नयेत. किनाऱ्यालगत इन्सुलेटरांवर खारट थर साचतो. पहिल्या सरीने तो ओला झाला की वीज पाझरून लोखंडी खांबात आणि स्टेमध्ये उतरू शकते.

तार तुटून पडली तर

पावसाळ्यात सकाळी वाटेवर पडलेली तार दिसणे गोव्यात नवीन नाही. 'तार तुटली म्हणजे फ्यूज उडाला असणार' हे गृहीत धरू नये. उच्चदाब तार जांभ्यावर किंवा डांबरावर पडली तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका कमी राहू शकतो की ब्रेकरला तो नेहमीच्या भारासारखा वाटतो आणि तार चालूच राहते. शिवाय ब्रेकर उडाला तरी काही सेकंदांत तो आपोआप पुन्हा जोडला जाऊ शकतो, किंवा उपकेंद्रातला ऑपरेटर चाचणी म्हणून वाहिनी पुन्हा चालू करून पाहतो.

तारेपासून निदान दहा मीटर दूर राहावे, इतरांना आणि गुरांना दूर ठेवावे आणि १९१२ वर कळवावे. तार पडली तेव्हा आपण जवळच असू तर पळू नये: दोन पायांमधल्या अंतरातही जमिनीवर दाबाचा फरक असतो आणि मोठे पाऊल टाकले की तो शरीरातून वाहतो. दोन्ही पाय जोडून, जमिनीवरून न उचलता, लहान लहान सरकत बाहेर यावे. गाडीवर तार पडली तर आत बसून राहावे. आग लागली तरच दोन्ही पाय जोडून, गाडी आणि जमीन यांना एकदम स्पर्श न करता उडी मारावी.

एखादा माणूस चिकटलेला दिसला तर लघुदाब असेल तिथे आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्यच नसेल तर स्वतः कोरड्या लाकडी फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. उच्चदाब वाहिनी असेल तर लाकूडही उपयोगाचे नाही. वाहिनी बंद होऊन अर्थ झाल्याशिवाय कोणीही जवळ जाऊ नये, मग ते पाहणे कितीही असह्य असो. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात करावी: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि येत असेल तर दर ३० दाबांनंतर दोन श्वास. शुद्धीवर असलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यावे, कारण विजेने भाजलेली जखम वरून नखाएवढी आणि आत कोपरापर्यंत असू शकते, आणि हृदयाची लय काही तासांनीही बिघडू शकते.

जीव गेलेल्या अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकाला २४ तासांच्या आत आणि कोणत्याही अपघाताचा लेखी अहवाल ४८ तासांच्या आत देणे कायद्याने आवश्यक आहे. माणसाला बाहेर काढण्यासाठी जे हलवावे लागले ते सोडून बाकी काही हलवू नये: एबी स्विचचे हँडल, लटकणारे किंवा न लटकणारे डिस्चार्ज रॉड, फ्यूज, हातमोजे आणि परमिटची वही, सगळे निरीक्षक पाहीपर्यंत जसे होते तसेच राहू द्यावे, आणि जे बदलावे लागले त्याचा आधी फोटो काढून ठेवावा.